कोकोच्या गिरणीतले शेंगदाणे

५ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या कोको सोसायटीच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. किती बिया आल्या, किती अंशांवर भाजल्या, किती मिनिटं. माझ्या मताला तिथे जागा नाही. मागे मी एकदा "आजची भाजणी देवाच्या ताटात वाढावी अशी" असं लिहिलं होतं, तर आमच्या अध्यक्ष पेत्रोनाताईंनी ती ओळ लाल पेनाने खोडली. म्हणून ही दुसरी वही. ही कुणी खोडायची नाही.

गोष्ट अशी आहे. आमच्या मानाबी प्रांताच्या कचेरीने आम्हाला यंत्रं दिली आहेत: भाजायचा ड्रम, टरफलं उडवायचं यंत्र आणि दगडी चाकांची गिरणी. पण एका वर्षाच्या बोलीवर. ३१ जुलैपर्यंत आमच्या कोकोच्या वाटणाला एक तरी मोठा, कायमचा ग्राहक मिळाला नाही तर यंत्रं उचलून दुसऱ्या गावाला जातील. मग कालसेताच्या या चाळीस घरांनी पुन्हा पहिल्यासारखं सुक्या बिया पोत्यात भरून दलालाची वाट पाहायची. तो एक बी दाताखाली तोडणार, तोंड वाकडं करणार आणि म्हणेल त्या भावाने घेऊन जाणार. बिया आपल्या, झाडं आपली, आणि तोंड वाकडं करायचा मान त्याचा! मला त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

नमुने पाठवण्याचं काम माझ्याकडे आहे. पण माझ्या मागे एस्ताकियो मास्तर आहेत म्हणून मी बिनघोर. मास्तर अडुसष्ट वर्षांचे, तरुणपण ग्वायाकिलच्या मोठ्या कारखान्यात गेलेलं. त्यांच्या नाकाची ख्याती चोनेपासून पोर्तोव्हिएहोपर्यंत. तीन वर्षांपूर्वी, आम्ही अजून तव्यावर भाजत होतो तेव्हाच, त्यांनी मला हाताखाली घेतलं. दर घाण्याला गरम वाटण चमच्यात घेऊन माझ्या नाकाखाली धरतात आणि विचारतात, "सांग पोरी, काय येतंय?" मी सांगते. ते डोळे मिटून ऐकतात आणि मी बोलले तेच शब्द चवीच्या वहीत उतरवून ठेवतात. स्वतःला काय येतंय ते एकदाही सांगितलेलं नाही. दुसरा असता तर आपलं उत्तर माझ्या तोंडात कोंबलं असतं. असा गुरू मिळायला नशीब लागतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज नमुने कुणाकुणाला पाठवायचे ते ठरवायला बसलो. मला वाटत होतं कोको म्हणजे चॉकलेट, संपलं. मास्तर हसले. म्हणाले, "अगं, वाटण म्हणजे नुसती सुरुवात. आपल्याकडे येतं तोवर ते एक असतं, पुढे त्याची दहा घरं होतात."

मग सांगत गेले. बी भाजायचं, टरफल काढायचं, आतली डाळ वाटायची. पाणी नाही, साखर नाही, काही नाही. दगडाच्या उबेने ते आपलं आपण पातळ होतं, साच्यात ओतलं की त्याची लादी होते. त्यात निम्मं लोणी आणि निम्मा कोको. ते असंच साखरेत घोटलं की चॉकलेट. दाबून लोणी वेगळं केलं की उरलेल्या पेंडीची पूड जाते बिस्किटात, आइसक्रीमात, दुधात. लोणी जातं लिपस्टिकमध्ये, साबणात, भेगांच्या मलमात. काळी बिअर करणारे भाजलेली डाळच नेतात. औषधवाले नेतात त्या गोळ्यांसाठी, ज्या गिळायच्या नसतात.

"गिळायच्या नाहीत, मग?" मी विचारलं.

"खालून घालायच्या," मास्तर शांतपणे म्हणाले. "आपला कोको माणसात दोन्ही वाटांनी शिरतो."

पेत्रोनाताईंनी कानावर हात ठेवले. मी इतकी हसले की पोटात दुखलं. पण मग मास्तरांनी जे सांगितलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चॉकलेटवाले, लिपस्टिकवाले, औषधवाले एकाच गुणासाठी कोकोकडे येतात म्हणे. खोलीत तो दगडासारखा घट्ट राहतो आणि अंगाच्या उबेला विरघळतो. जिभेवर, ओठावर, कुठेही. तापाने फणफणलेल्या तान्ह्या बाळाला गोळी गिळता येत नाही, तेव्हा हेच लोणी औषध आत नेऊन सोडतं. आपल्या मागच्या अंगणातलं झाड! मी घरी येऊन झाडाला हात लावून आले. लौरोने विचारलं, बरं वाटत नाही का? नवऱ्याला काय सांगणार.

आज आणखी एक. दुपारी मी शेडमध्ये शिरले तर गॅसचा भपकारा. नळी सुटली होती! आणि मास्तर तिच्यापासून दोन हातांवर, ड्रमला कान लावून उभे. मी किंचाळत जाऊन गॅस बंद केला, दारं उघडली. मास्तर म्हणाले, "असू दे, असू दे, झालं ना बंद." केवढी ही एकाग्रता! माणूस कामात बुडतो म्हणजे काय ते मी आज पाहिलं.

२३ मार्च, शनिवार

उद्यापासून पवित्र आठवडा. गावात सगळ्यांना दाण्याचा कूट हवा: सुपाला, विचे म्हणजे दाण्यातल्या मासळीला, आणि साल प्रिएता, म्हणजे दाण्याची चटणी, ती तर हवीच, तिच्याशिवाय भाजलेलं केळं कुणाच्या घशाखाली उतरतं? बाजारातली गिरणी बंद पडलेली. बायका आमच्या दारात पाट्या घेऊन उभ्या. सगळ्यात पुढे माझी आई.

"आठ महिने तुझ्या त्या गिरणीचं कौतुक ऐकतेय," आई म्हणाली. "आता माझे चार किलो दाणे दळायला हात दुखतात होय तुझे?"

मास्तर पोर्तोव्हिएहोला लेकीकडे गेलेत. मी म्हटलं, गिरणी गावाची, सण गावाचा. दिवसभर दळले. संध्याकाळी दगड गरम पाण्याने पुसले, फडकी बदलून तीन वेळा पुसले, वरून कोकोची दोन किलो डाळ फिरवून ती टाकून दिली. चक्क लखलखीत. बायकांनी मला इतके आशीर्वाद दिले की यंत्रं आता कुणी हलवूच शकत नाही.

२ एप्रिल, मंगळवार

आज नमुन्याचा घाणा. हा चुकला तर सगळंच चुकलं, म्हणून मी सकाळपासून कॉफीही घेतली नाही. मास्तर ड्रमपाशी. बिया तडतडायला लागल्या की ते कुणाशी बोलत नाहीत. एकदम हात वर केला: काढा! मी काढल्या. मास्तरांनी टरफल बोटांत चुरगाळून पाहिलं, मान डोलावली.

वाटण झाल्यावर चमचा माझ्या नाकाखाली.

"सांग पोरी, काय येतंय?"

"फुलं. जाईसारखी. मग थोडं पिकलं केळं. आणि शेवटी…"

"शेवटी?"

"शेवटी घरासारखं येतंय, मास्तर."

"घरासारखं म्हणजे काय? नीट सांग."

"म्हणजे चांगलं. उबदार. आईच्या चुलीपाशी बसल्यासारखं."

मास्तरांचं पेन हातात तसंच. मग म्हणाले, "वाईट काही नाही ना? धूर, बुरशी, डिझेल?"

"छे!"

त्यांनी लिहिलं: फुलं, केळं, घर. इतका सुंदर घाणा आम्ही कधी काढला नव्हता. पाच खोकी बांधली: क्वितोच्या चॉकलेटवालीला, ग्वायाकिलच्या बिस्किट कारखान्याला, कुएंकाच्या साबणवालीला, औषधवाल्यांना, बिअरवाल्याला. पोस्टातून निघताना मी प्रत्येक खोक्यावर हळूच क्रूस काढला.

२५ एप्रिल, गुरुवार

उत्तरं येताहेत. औषधवाल्यांना फक्त लोणी हवंय आणि आमच्याकडे दाबयंत्र नाही. बिअरवाल्याला वर्षाकाठी दोन पोती डाळ. साबणवाली बाई वाटणाच्या प्रेमात पडली आहे, पण तिला लागतं आठ किलो. वर्षाला! क्वितोची गप्प आहे. माझं तोंड उतरलं होतं, तेवढ्यात दुपारी बिस्किट कारखान्याचा फोन. त्यांना महिन्याला दोन टन हवंय! आमचा नमुना अकरा जणांत पहिला आला. दहा मेला कराराचे कागद घ्यायला बोलावलंय.

पेत्रोनाताईंनी शेडमध्ये नाच केला. मी त्यांना लाल पेनाबद्दल माफ केलं. मास्तर मात्र खुर्चीवर बसून राहिले, डोळे पुसत होते. "तू जा पोरी," म्हणाले, "मला तिथल्या चवीच्या खोलीत नको बसवू, माझ्याच्याने नाही होत आता प्रवास." नुसतं बसमध्ये बसून राहायचं, पण असो. मोठी माणसं स्वतः मागे राहतात आणि दुसऱ्याला पुढे करतात.

१० मे, शुक्रवार

ग्वायाकिलहून परतीच्या बसमध्ये लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, बसमुळे आणि माझ्यामुळे.

कारखान्यात इंजिनीयर माग्दालेना ओचोआ भेटल्या. पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या, पण कौतुक करताना हात आखडत नाहीत. मला पांढरा कोट घालायला लावून चवीच्या खोलीत नेलं. आमच्या लादीचा तुकडा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "हा शेवटचा वास आम्हाला कुणाच्याच कोकोत मिळाला नाही. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. हुबेहूब. कसा आणता हो?"

मी तुकडा तोंडात घातला. त्या धुतल्यापुसल्या खोलीत, जिथे दुसरा कसलाही वास नव्हता, तो मला आला. दाणे. नुसते दाणे. जन्मल्यापासून माझ्या नाकात दाणेच आहेत, म्हणून मला ते दाणे म्हणून कळलेच नाहीत. मी त्याला घर म्हटलं.

समोर भिंतीवर पाटी होती: या इमारतीत शेंगदाणा आणू नये. बिस्किटं शाळेतल्या मुलांच्या न्याहारीला जातात. बाईंनी एक कागद पुढे केला. आमच्या गिरणीत शेंगदाणा येत नाही, असं त्यावर लिहून सही करायची होती. "प्रयोगशाळेचा अहवाल नंतर मागवू," म्हणाल्या. "तुमच्या मास्तरांचं नाव आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या नाकाखालून काही सुटत नाही."

मी म्हटलं, अध्यक्षांना दाखवून पाठवते. कागद पिशवीत घातला. खरं ते तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

१२ मे, रविवार

दोन दिवस झाले, तोंड उघडलेलं नाही. चर्चमध्ये पेत्रोनाताईंनी सगळ्यांसमोर माझ्या गालाचा मुका घेतला. चाळीस घरं माझ्याकडे बघून हसताहेत. मनात येतं, तो एकच घाणा होता. आता गिरणीत दाणे नाहीतच, पुढचा माल शुद्ध जाईल, कुणाला काय कळणार? मग त्या बाई म्हणतील, तो वास कुठे गेला? आणि गिरणीच्या सांध्यांत काय उरलंय ते मला तरी कुठे माहीत आहे! एखाद्या पोराला दाणे चालत नसले तर? घसा सुजतो म्हणे. दहा मिनिटांत.

आणि मास्तर? त्यांना कसं आलं नाही? का आलं होतं आणि मला वाचवायला गप्प राहिले?

१३ मे, सोमवार

सांगितलं. सकाळी मास्तर एकटे होते तेव्हा सगळं सांगितलं, पवित्र आठवड्यापासून. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी बाकावर बसून घेतलं.

"मास्तर, तुम्हाला आलंच असणार. का नाही बोललात?"

"मला काही येत नाही, ओतिलिया."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच येत नाही. त्या साथीतला ताप आला ना मला, त्यात गेलं. डॉक्टर म्हणाला येईल परत. नाही आलं. कॉफी म्हणजे गरम पाणी. नातीच्या केसांना वास नाही."

मी वेड्यासारखं विचारलं, "मग भाजणी? एक घाणा जळला नाही तुमचा!"

"कानाने. बिया एकदा तडतडतात, मग गप्प होतात. मग दुसऱ्यांदा बोलायला लागतात, हळू. तेव्हा काढायच्या. आणि टरफल बोटाला सांगतं."

"आणि वास?"

"तुला विचारायचो." मग माझ्याकडे न पाहता, "कुणाला सांगू नकोस गं. एवढंच एक होतं माझ्याकडे."

तिथेच मला गॅसची ती दुपार आठवली. मी रागाने निघून आले. घरी येऊन रडले. राग त्यांचा नाही, खरं तर आहेही. तीन वर्षं मला वाटत होतं की मी उत्तर देतेय आणि गुरू मनात तपासतोय. तपासणारं कुणी नव्हतंच! म्हणजे मी तीन वर्षांत काहीच शिकले नाही. नुसती बडबडले आणि ती वहीत उतरली.

पण कानाने भाजलं हो त्यांनी! तीन वर्षं, निव्वळ कानाने, आणि कुणाला संशयही आला नाही. अशा माणसावर राग धरायचा तरी कसा.

१४ मे, मंगळवार

दोघांनी मिळून इंजिनीयर बाईंना फोन केला. बोलले मी.

"कागदावर सही केली असती तर?" बाई म्हणाल्या.

"नाही केली."

"ऑर्डर रद्द," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "गिरणी पूर्ण उघडा. सांधे, पट्टे, सगळं धुवा, दगड नवे बसवा. प्रयोगशाळेचा दाखला आणा. दोन जुलैला मी स्वतः येते. दर घाण्याचा अहवाल यायला दहा दिवस लागतात, तोवर माल थांबवता येत नाही. तुमच्याकडे जागेवर दाणा ओळखणारं नाक आहे की नाही ते मला बघायचंय. नसेल तर पुन्हा फोन करू नका."

पेत्रोनाताईंना दाण्यांचं सांगावं लागलं. मास्तरांच्या नाकाचं नाही. ताई माझ्याशी बोलत नाहीत.

मी ठरवलंय. ज्या नाकात दाणे भरलेत त्याला दाणे कळणार नाहीत. आजपासून माझ्या घरात शेंगदाणा बंद. मानाबीत जन्मलेल्या बाईने हे करणं म्हणजे माशाने पाणी सोडण्यासारखं आहे.

२६ मे, रविवार

बारा दिवस झाले. लौरो केळ्याकडे बघतो, केळं लौरोकडे बघतं. "निदान चटणी शेजाऱ्यांकडे बसून खाऊ का?" विचारत होता. मी म्हटलं, खा, पण मग तिकडेच झोप. आई सगळ्यात जास्त दुखावली आहे. तिने केलेली विचे मी परत पाठवली, तर निरोप आला: "बिस्किटवाल्यांसाठी आईच्या हातचं टाकलं, हे मी मरताना लक्षात ठेवीन." रविवारच्या जेवणाला गेले नाही. तिच्या अंगणावरून जातानाही मी श्वास रोखते.

दुपारी मास्तर वाटण आणून देतात. पाच वाट्या, मी पाठमोरी. एकीत ते टाचणीच्या डोक्याएवढा कूट मिसळतात. अजून निम्म्या वेळा चुकते.

९ जून, रविवार

आज सकाळी उठले आणि शेजारच्या घरातून वास आला. दाणे भाजत होते. इतका उग्र, इतका स्पष्ट की मी दचकले. त्रेचाळीस वर्षं हा वास माझ्याभोवती होता आणि मी आज पहिल्यांदा तो घेतला. सुंदर आहे हो! जाऊन आईला सांगितलं की तुझ्या चुलीचा वास मला आज कळला. तिने तोंड फिरवलं, पण मग आत जाऊन माझ्यासाठी दाण्याशिवाय मासळी केली. चव काहीच नव्हती. मी सगळी खाल्ली.

मास्तरांच्या पाच वाट्यांतली बरोबर ओळखली. सलग सहा वेळा.

२८ जून, शुक्रवार

गिरणीचा दाखला आला, स्वच्छ. आता फक्त मंगळवार.

मास्तर वाळले आहेत. सगळ्या गावाला वाटतं परीक्षा त्यांची आहे. बायका त्यांना वाटेत थांबवून म्हणतात, मास्तर, तुमच्या नाकावर आमची गिरणी. मीच युक्ती काढली: मी शेजारी उभी राहीन, आधी वास घेईन, दाण्याची वाटी आली की खोकेन. मास्तर बराच वेळ बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे, खोक." गावात त्यांचं नाव राहायला हवं. हे खोटं मला टोचत नाही.

२ जुलै, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

शेडमध्ये चाळीस घरांतलं एकेक माणूस तरी होतं. ओचोआ बाईंनी आमचंच ताजं वाटण मागून घेतलं, आतल्या खोलीत जाऊन पाच वाट्या केल्या आणि टेबलावर मांडल्या. "एकीत दाणे आहेत. तुमचं नाक कोण?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मी घसा तयार ठेवला. मास्तर टेबलापाशी गेले, पहिल्या वाटीवर वाकले, आणि तसेच सरळ झाले.

"बाई, मला यातलं काही येत नाही," ते मोठ्याने म्हणाले. "तीन वर्षांपासून येत नाही. मी भाजतो. नाक ही आहे."

कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. पेत्रोनाताई मटकन खुर्चीत बसल्या. मास्तर टोपी हातात घेऊन बाजूला झाले, मान ताठ. त्यांचे कान लाल झाले होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बघा, बघा या माणसाकडे! पण बाई माझ्याकडे बघत होत्या.

मी पाचही वाट्या नाकाखाली घेतल्या. परत घेतल्या. पाणी प्यायले, बाहेर जाऊन आले, परत घेतल्या.

"दुसरी," मी म्हटलं. "आणि पाचवी."

"मी एकीतच घातलेत," बाई म्हणाल्या.

"दुसरीत जास्त आहेत. पाचवीत अगदी थोडे. पण आहेत."

"एकच आहे. नीट विचार करून सांगा."

पेत्रोनाताई माझ्या कानाशी आल्या. "अगं, दुसरी म्हण आणि सुटका कर! त्यांना माहीत नाही होय?"

माझी पाचावर धारण बसली. एका शब्दाचा प्रश्न होता. मी मास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ती दोन म्हणते ना? मग दोन."

ओचोआ बाईंनी ओठ आवळले. बॅगेतून दाणा तपासायच्या पट्ट्या काढल्या; दर घाण्याला परवडू नयेत इतक्या महाग म्हणे, पण आम्ही गरोदरपणाला वापरतो तसल्याच दिसतात. एक दुसऱ्या वाटीसाठी, एक पाचवीसाठी. दहा मिनिटं. शेडमध्ये कोंबडीचा आवाज ऐकू येत होता. दुसरीच्या पट्टीवर रेघ लगेच उमटली. पाचवीच्या पट्टीवर काहीच नाही, काहीच नाही, आणि मग अगदी फिकट, पण रेघ.

बाईंनी पट्टी उजेडात धरून पाहिली. मग आतल्या खोलीत गेल्या आणि हातात ढवळायचा चमचा घेऊन बाहेर आल्या.

"दुसरीतला चमचाच पाचवीत ढवळायला घेतला," म्हणाल्या. "पुसून घेतला होता मी."

"मीसुद्धा पुसलंच होतं," मी म्हटलं.

त्या हसल्या. पहिल्यांदाच. मग शेडमध्ये जो गलका झाला तो मला लिहिता येत नाही. आई कुठे होती कोण जाणे, येऊन मला मारल्यासारखी बिलगली. गावकरी मास्तरांशी काय बोलतील याची मला धास्ती होती. पण म्हाताऱ्या सेलेस्तीनोने, जो स्वतःच्या बायकोचंही कौतुक करत नाही, ड्रमपाशी जाऊन त्याला कान लावून पाहिला. "काही ऐकू येत नाही मला," तो म्हणाला. "कसं करता हो?" मग एकेक जण पुढे झाला. मास्तर शिकवत उभे राहिले.

१९ जुलै, शुक्रवार

करार झाला. महिन्याला दोन टन, तीन वर्षं. प्रांताच्या कचेरीचं पत्र आलं, यंत्रं इथेच राहणार. क्वितोच्या चॉकलेटवालीनेही शेवटी तोंड उघडलं, तिलाही हवंय. पेत्रोनाताई दाबयंत्राची स्वप्नं बघताहेत, म्हणजे औषधवाल्यांनाही लोणी देता येईल. लौरोला मी त्याच्या खाटेवर परत घेतलं आहे, पण दाणे आईकडे जाऊन खातो आणि तोंड धुऊन येतो.

आज कारखान्याचे कागद भरत बसलो होतो, मी आणि मास्तर. एका फॉर्मवर होतं: वास व चव तपासणाऱ्याचं नाव. मी माझं लिहिलं. खाली होतं: अनुभव. मी विचार केला. मेच्या मध्यापासून धरलं तर दोन महिने. थोडं वाढवून लिहावं का, असंही मनात आलं, पण या कारखान्याशी आता खोटं नको. मी "दोन महि" एवढं लिहिलं होतं.

मास्तरांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, ते खोडलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं.

"तीन वर्षं, चार महिने," म्हणाले. "मी वहीत तुझेच शब्द उतरवत होतो ना? त्यावरच सगळा माल गेला. एक पोतं परत नाही आलं. खरं आहे तेच लिही."

मी तेच लिहिलं.